डिस्टोनिया आणि मेंदूतला पेसमेकर: ओपीडीबाहेरच्या बाकावरचे प्रश्न

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस, हा मेंदूत तार घालून विजेचे सूक्ष्म ठोके देण्याचा उपचार. हे नाव आपल्याकडे बहुतेकांनी पार्किन्सनच्या निमित्ताने ऐकलेलं असतं. आजोबांचा थरथरणारा हात यंत्र चालू करताच शांत झाला, असा एखादा व्हिडिओ फोनवर फिरत असतो. तो पाहूनच डिस्टोनियाचा रुग्ण चौकशीला येतो, आणि आपली मानही अशीच झटक्यात सरळ होईल असं त्याला वाटतं. तसं होत नाही. डिस्टोनियात यंत्र चालू केल्या दिवशी बहुधा काहीच दिसत नाही. जे व्हायचं ते आठवड्यांनी आणि महिन्यांनी होतं. हे आधी माहीत नसलेलं घर तिसऱ्या महिन्यात हवालदिल होतं, म्हणून ते सुरुवातीलाच सांगितलं.

डिस्टोनिया म्हणजे नक्की काय? हा लकव्याचाच प्रकार आहे का?

नाही. लकव्यात स्नायूंना हुकूम पोहोचत नाही. डिस्टोनियात नको ते हुकूम नको तेवढे पोहोचतात. एकमेकांच्या विरुद्ध काम करणारे स्नायू एकाच वेळी आखडतात आणि अंगाला पीळ पडतो. मान एका बाजूला वळते, पाऊल आत मुडपतं, डोळे घट्ट मिटतात, लिहायला घेतलं की बोटं पेनाभोवती आवळतात. 'डिस्टोनिया' हा शब्द बर्लिनचे मेंदूविकारतज्ज्ञ हर्मान ओपेनहाइम यांनी १९११ मध्ये वापरला.

आजार एकाच भागापुरता असू शकतो, शेजारशेजारच्या दोन भागांत असू शकतो किंवा सगळ्या अंगभर पसरू शकतो. लहानपणी पायापासून सुरू झालेला डिस्टोनिया पसरण्याची शक्यता जास्त. चाळिशीनंतर मानेत किंवा पापण्यांत सुरू झालेला बहुधा तिथेच राहतो.

घरचे म्हणतात हे मनाचं आहे. गावाकडे तर 'बाहेरचं' म्हणून उतारेही झाले.

असं वाटण्याला या आजाराच्या तऱ्हाच कारणीभूत आहेत. झोपेत पीळ जातो. चारचौघांत, ताणात वाढतो. पुढे चालताना पाय वाकडा पडणारा मुलगा उलटा चालायला लागला की नीट चालतो. मान वळणाऱ्या बाईने हनुवटीला नुसतं बोट लावलं की मान सरळ येते. बघणाऱ्याला वाटतं, बोट लावून जमतं तर एरवी का नाही? पण हा बोटाचा स्पर्श हीच निदानाची मोठी खूण आहे. स्पर्शाची माहिती मेंदूत गेली की बिघडलेला हुकूम थोडा वेळ सावरतो. डॉक्टरांना ही युक्ती आवर्जून दाखवा. नाटक म्हणतील या भीतीने पुष्कळ जण नेमकी तीच लपवतात.

मानसिक ताणातून येणारा, ज्याला फंक्शनल म्हणतात, तसाही एक डिस्टोनिया आहे. तो खराच त्रास असतो, पण त्याचे उपचार वेगळे; त्याच्यासाठी मेंदूत तार घालत नाहीत.

ऑपरेशनचं नाव काढण्याआधी काय तपासून झालेलं असावं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि बाकावर हा सगळ्यात कमी विचारला जातो. डिस्टोनियाची काही कारणं अशी आहेत की गोळ्यांनी माणूस जवळजवळ बरा होतो. ती नजरेतून सुटून ऑपरेशन झालं, तर त्यासारखी हळहळ नाही.

पहिलं, जपानच्या डॉ. मासाया सेगावा यांच्या नावाने ओळखला जाणारा, लेव्होडोपा या औषधाला दाद देणारा डिस्टोनिया. मूल सकाळी बऱ्यापैकी चालतं आणि संध्याकाळपर्यंत पाय ओढायला लागतं. अशी कित्येक मुलं 'सेरेब्रल पाल्सी', म्हणजे जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा, या शिक्क्याखाली वाढतात. लेव्होडोपाच्या अगदी थोड्या मात्रेने त्यांच्यात थक्क करणारा फरक पडतो. म्हणून लहानपणी सुरू झालेल्या डिस्टोनियात ही गोळी काही आठवडे देऊन बघितलीच जाते. तुमच्या फायलीत ती नोंद नसेल तर विचारा.

दुसरं, विल्सनचा आजार. यात शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही. ते यकृतात आणि मेंदूत साठतं. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडं दिसतं, रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, कमी निघतं, चोवीस तासांच्या लघवीत तांबं वाढलेलं असतं. पेनिसिलामाइन, ट्रायन्टिन, झिंक अशी औषधं आहेत आणि ती आयुष्यभर घ्यावी लागतात. जाता जाता सांगायचं तर, तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून सर्रास पितात. विल्सनच्या रुग्णाच्या घरातून ते भांडं आधी हलवावं.

तिसरं, औषधांमुळे आलेला डिस्टोनिया. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधं यांनी मान-जबडा अचानक आखडू शकतो. तो प्रकार त्या औषधाचा परिणाम उलटवणाऱ्या इंजेक्शनने लगेच सुटतो. तीच औषधं दीर्घकाळ घेतल्यावर येणारा टार्डिव्ह डिस्टोनिया मात्र चिवट असतो आणि त्यात डीबीएसचा उपयोगही चांगला होतो. म्हणून गेल्या काही वर्षांतली सगळी प्रिस्क्रिप्शनं सांभाळून ठेवा, पिवळी पडलेलीसुद्धा.

याशिवाय मेंदूचा एमआरआय लागतो, आणि मानेचा डिस्टोनिया असेल तर मानेच्या मणक्यांचाही. वर्षानुवर्षं मान पिळत राहिली की मणके झिजून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. जनुकीय तपासणी परवडत असेल तर जरूर करावी. तिने निदान तर पक्कं होतंच, पण डीबीएसला दाद किती मिळेल याचाही अंदाज येतो.

मी दर तीन महिन्यांनी बोटॉक्स घेते. मला डीबीएस करावं लागेल का?

बोटॉक्सने भागत असेल तर नाही. मान, पापण्या, हात अशा एका भागापुरत्या डिस्टोनियात बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्सचं स्नायू सैल करणारं इंजेक्शन, हाच पहिला उपचार आहे आणि कित्येक जण त्यावर वर्षानुवर्षं नीट राहतात. डीबीएसचा विचार होतो तो इंजेक्शनं योग्य स्नायूंत, योग्य मात्रेत देऊनही उपयोग होत नसेल, हळूहळू गुण कमी झाला असेल किंवा इतके स्नायू गुंतले असतील की सगळ्यांना टोचणं शक्यच नसेल तेव्हा. एकदाच घेतलेलं इंजेक्शन लागू पडलं नाही म्हणून थेट ऑपरेशनकडे वळणं घाईचं ठरेल. सुई कुठल्या स्नायूत गेली यावर इथे सगळं अवलंबून असतं, तेव्हा आधी अनुभवी हात शोधावा.

गोळ्यांमध्ये ट्रायहेक्सिफेनिडिल, बॅक्लोफेन, क्लोनाझेपाम, टेट्राबेनाझिन ही नेहमीची नावं. लहान मुलांना ट्रायहेक्सिफेनिडिल बरंच सोसतं. मोठ्यांना तोंड कोरडं पडणं, विसरभोळेपणा, लघवी अडकणं असे त्रास लवकर होतात.

डीबीएसमध्ये करतात तरी काय?

मेंदूच्या खोल भागात ग्लोबस पॅलिडस नावाचा एक पुंजका आहे. हालचालींच्या हुकुमांची चाळणी करणाऱ्या साखळीतला तो एक दुवा. त्याच्या आतल्या भागात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची एकेक तार सोडतात. तारेच्या टोकाला विजेचे छोटे संपर्कबिंदू असतात. तारा कवटीवरून, कानामागून, मानेच्या कातडीखालून गळपट्टीच्या हाडाखाली आणतात आणि तिथे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र बसवतात. तेच ते 'पेसमेकर'. ते सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, बहुतेकदा १३० च्या आसपास, विजेचे सूक्ष्म ठोके देतं. मेंदूचा कुठलाही भाग कापून काढत नाहीत. काही केंद्रांत ग्लोबस पॅलिडसऐवजी सबथॅलॅमिक न्यूक्लियस ही दुसरी जागाही निवडतात.

आजच्या पद्धतीची ही शस्त्रक्रिया फ्रान्समधल्या ग्रनोबलला प्रा. आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये कंपासाठी सुरू केली. डिस्टोनियासाठीची वाट मॉन्पेलिएच्या डॉ. फिलिप कूब यांनी १९९६ पासून घातली. त्यांचे सुरुवातीचे रुग्ण अंगभर पीळ पडलेली मुलं होती. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००३ मध्ये सात वर्षांवरच्या रुग्णांसाठी याला विशेष परवानगी दिली.

जागं ठेवून करतात असं ऐकलंय. खरं का?

पार्किन्सनमध्ये बऱ्याचदा तसं करतात, कारण टेबलावरच कंप थांबलेला दिसतो. डिस्टोनियात टेबलावर फरक दिसत नाही, आणि पिळलेल्या मानेने तासन् तास निश्चल पडून राहणं कुणालाही जमण्यासारखं नसतं. म्हणून बहुतेकदा पूर्ण भूल देऊनच करतात. डोक्याला चौकट बसवतात आणि एमआरआय व सीटी स्कॅन एकमेकांवर जुळवून जागा ठरवतात. केस काही ठिकाणी पट्टीपुरते काढतात, काही ठिकाणी सगळे. मुलीचे केस हा घरात मोठा विषय होतो, तेव्हा आधीच विचारून घ्या.

फरक किती पडेल?

आधी आकडे. २००५ मध्ये फ्रान्समधल्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंगभर डिस्टोनिया, आणि कारण मेंदूच्या दुसऱ्या कुठल्या इजेचं नाही, असे हे रुग्ण. वर्षभराने त्यांच्या हालचालींच्या, म्हणजे आजाराची तीव्रता मोजणाऱ्या, गुणांकात सरासरी ५१ टक्के सुधारणा दिसली. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने ४० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात सगळ्यांना तारा बसवल्या, पण निम्म्यांचं यंत्र तीन महिने चालूच केलं नाही आणि कुणाचं चालू, कुणाचं बंद हे रुग्णांना सांगितलं नाही. चालू असलेल्यांचा गुणांक सरासरी १५.८ गुणांनी सुधारला, बंद असलेल्यांचा १.४ गुणांनी. म्हणजे हा नुसता मनाचा खेळ नाही.

पण सरासरी ही फसवी गोष्ट आहे. त्या ५१ टक्क्यांच्या पोटात जवळजवळ सरळ झालेले लोकही असतात आणि फारसा फरक न पडलेलेही. तुम्ही कुठल्या बाजूला पडाल हे काही गोष्टींवरून थोडंफार सांगता येतं.

डीवायटी-१ या नावाने ओळखला जाणारा, टॉर-१-ए जनुकातल्या बदलामुळे होणारा डिस्टोनिया असेल तर आशा चांगली. झटक्यांसह येणारा मायोक्लोनस-डिस्टोनिया, टार्डिव्ह आणि मानेचा डिस्टोनिया हेही दाद देणाऱ्यांत मोडतात. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे आलेल्या डिस्टोनियात, म्हणजे सेरेब्रल पाल्सीत, गुण कमी येतो. तशा १३ प्रौढांच्या एका फ्रेंच अभ्यासात, जो २००९ मध्ये आला, सरासरी सुधारणा सुमारे २४ टक्के होती. मात्र खुर्चीत नीट बसता येणं, दुखणं कमी होणं, कपडे घालताना आईची कंबर वाचणं हेही त्या घराला पुष्कळ असतं. तेव्हा आकड्यावरून नाक मुरडू नये.

आजार जितका जुना तितका फायदा कमी. त्यातही सांधे कायमचे आखडले असतील, कणा वाकून हाडं त्याच आकारात घट्ट झाली असतील, तर ती डीबीएसने सुटत नाहीत. तार स्नायूंचा पीळ सोडवू शकते. हाडाचं वळण नाही. 'शेवटचा उपाय म्हणून बघू' असं म्हणत दहा-पंधरा वर्षं काढणं म्हणून महागात पडतं. मुलांच्या बाबतीत तर जास्तच.

आणि हा उपचार आजार मुळापासून काढत नाही. यंत्र चालू आहे तोवर गुण आहे.

किती दिवसांत कळेल?

टाके निघेपर्यंत तर काहीच अपेक्षा ठेवू नका. यंत्र साधारण काही आठवड्यांनी चालू करतात. मग दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे झटके, हिसके आणि दुखणं कमी होणं. ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत होऊ शकतं. एकाच जागी ताठ धरून ठेवलेला पीळ मात्र सावकाश सुटतो. त्याला महिने लागतात, कधी वर्ष, आणि काहींची सुधारणा त्यानंतरही चालू राहते. असं का, याचं एक मान्य स्पष्टीकरण असं की वर्षानुवर्षं चुकीची वहिवाट पडलेल्या मेंदूला नवी वाट मळायला वेळ लागतो.

या संथपणामुळे प्रोग्रामिंगही, म्हणजे यंत्राच्या विजेचं सेटिंग ठरवणंही, वेगळं पडतं. पार्किन्सनमध्ये डॉक्टर सेटिंग बदलतात आणि समोरच हात बघतात. इथे सेटिंग बदललं की परिणाम समजायला आठवडे जातात. पहिल्या दिवशी डॉक्टर मुख्यतः मर्यादा शोधतात. वीज वाढवत नेताना डोळ्यांपुढे काजवे चमकले तर तारेखालून जाणाऱ्या दृष्टीच्या मज्जातंतूपर्यंत ती पोहोचली. ओठ ओढला गेला किंवा जीभ जड झाली तर शेजारच्या हालचालींच्या वाटेला लागली. त्या रेषेच्या अलीकडे सेटिंग ठेवून घरी पाठवतात.

पहिल्या वर्षात अशा बऱ्याच चकरा होतात. नंदुरबारहून किंवा सिंधुदुर्गातून मुंबई-पुण्याला येणाऱ्यांनी हे आधीच हिशेबात धरावं: रजा, गाडीभाडं, सोबत येणारं माणूस. माझ्या मते ऑपरेशनचा निर्णय घेताना 'पुढचं वर्षभर दर महिन्या-दीड महिन्याला कोण नेईल?' हा प्रश्न 'डॉक्टर कोण?' इतकाच मोठा आहे. तार उत्तम बसली आणि प्रोग्रामिंगला कुणी गेलंच नाही, तर पैसे पाण्यात. काही नव्या यंत्रांचं सेटिंग इंटरनेटवरून दुरूनही बदलता येतं. तुमच्या यंत्रात आणि केंद्रात ती सोय आहे का ते विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शेजारपाजारचे 'काय उपयोग झाला?' विचारायला लागतात. 'अजून वेळ आहे' एवढंच उत्तर द्यावं.

गोळ्या लगेच बंद होत नाहीत. बॅक्लोफेन किंवा क्लोनाझेपाम स्वतःच्या मनाने एकदम सोडणं धोक्याचं आहे. डॉक्टर त्या उतरत्या क्रमाने कमी करतात.

धोके काय?

मेंदूत रक्तस्राव हा सगळ्यात गंभीर धोका. तो थोड्याच रुग्णांत, शंभरात एखाद-दुसऱ्यात होतो, पण झाला तर अंग लुळं पडण्यापर्यंत किंवा जिवावर बेतण्यापर्यंत जाऊ शकतो. त्याहून जास्त वेळा दिसतो तो जंतुसंसर्ग. कानामागे किंवा यंत्राच्या जागी लाली, सूज, पू दिसला की घरगुती लेप न लावता त्याच दिवशी कळवा. संसर्ग आत गेला तर काही वेळा सगळी यंत्रणा काढून, अँटिबायोटिक देऊन, महिन्यांनी पुन्हा बसवावी लागते.

तार तुटणं किंवा सरकणं हे डिस्टोनियात जरा अधिक घडतं, कारण मानच सतत हिसके देत असते. चांगला चाललेला गुण अचानक एका बाजूला कमी झाला तर तारेचा एक्स-रे काढतात.

बोलणं अडखळणं, जीभ जड होणं, चाल मंदावणं किंवा लिहिणं बारीक होणं हे विजेचे परिणाम आहेत. बहुतेकदा सेटिंग बदलून ते कमी होतात. कधी मात्र 'मान सरळ हवी की बोलणं स्पष्ट' अशी तडजोड करावी लागते. शिक्षक, वकील, कीर्तनकार, गायक यांनी आपला व्यवसाय डॉक्टरांना ऑपरेशनआधीच ठळकपणे सांगावा.

स्मरणशक्ती आणि बुद्धीवर ग्लोबस पॅलिडसच्या डीबीएसचा सहसा वाईट परिणाम होत नाही. नैराश्याकडे मात्र लक्ष हवं. डिस्टोनियात ते मुळातच बऱ्याच जणांना असतं, आणि शस्त्रक्रियेनंतर आत्महत्येच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. आधी कधी तसे विचार आले असतील तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती भेट म्हणजे रुग्णाला 'वेडा' ठरवणं नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावण्याचं काम डॉक्टरांकडे सोपवा.

बॅटरी किती टिकते?

डिस्टोनियाला वीज जास्त लागते, त्यामुळे साधी, चार्ज न होणारी बॅटरी बहुधा तीनेक वर्षांच्या आसपास संपते; सेटिंगनुसार पुढे-मागे. मग छातीवरचं यंत्र छोट्या शस्त्रक्रियेने बदलतात. मेंदूतली तार तीच राहते. चार्ज होणारं यंत्र पंधरा वर्षं आणि त्याहून जास्तही चालतं, पण ते रुग्णाला नियमित चार्ज करावं लागतं: गळ्यात पट्टा अडकवून, कातडीवरूनच. कमी वयाच्या डिस्टोनियाच्या रुग्णाला चार्जवालं यंत्र बहुधा शहाणपणाचं, कारण पुढच्या आयुष्यातली कितीतरी ऑपरेशनं वाचतात. घरात चार्जिंगचं भान ठेवणारं माणूस नसेल तर साधं बरं. जिथे भारनियमनाचा भरवसा नाही, तिथे वीज आहे तेव्हाच चार्जिंग उरकायची सवय लावून घ्यावी.

यंत्र मध्येच बंद पडलं तर?

पीळ परत येतो. काहींना तासांत, काहींना दिवसांत. कधी तो आधीपेक्षाही जोरात येतो, आणि सगळं अंग एकसारखं आखडत राहण्याची आणीबाणी ओढवते. तिला स्टेटस डिस्टोनिकस म्हणतात. स्नायू फुटून त्यातले घटक मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, श्वास अडकू शकतो. ताप, प्रचंड घाम, लालसर-काळी लघवी आणि न थांबणारा पीळ दिसला की आयसीयू असलेलं रुग्णालय गाठायचं. बॅटरी संपत आल्याची सूचना रुग्णाच्या रिमोटवर आधी दिसते. 'दिवाळी झाल्यावर बघू' असं म्हणून ती टाळू नका.

कशापासून जपायचं?

एका गोष्टीपासून सगळ्यात जास्त: फिजिओथेरपीतली डायथर्मी. आपल्याकडे तिला सरसकट 'मशीनचा शेक' म्हणतात. पाठ धरली, गुडघा दुखला की गल्लीतल्या दवाखान्यात शेक घ्यायचा, हे इतकं अंगवळणी पडलंय की डीबीएसचा रुग्णही सहज जाऊन झोपतो. शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मीची ऊर्जा तारेतून थेट मेंदूत जाऊन तिथल्या पेशी भाजू शकते. डीबीएस असलेल्या दोन रुग्णांचे असे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या नियामक संस्थेने २००२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. दुखणं गुडघ्यात असलं आणि यंत्र बंद केलेलं असलं, तरीही हा शेक घ्यायचा नाही. गरम पाण्याच्या पिशवीला हरकत नाही.

एमआरआय करता येतो, पण कुठल्याही सेंटरवर आणि कसाही नाही. यंत्राचं मॉडेल, एमआरआय मशीनची ताकद, शरीराचा भाग यांचे नियम असतात आणि आधी सेटिंग बदलावं लागतं. सीटी स्कॅन, एक्स-रे, सोनोग्राफी चालते. दुसरं कुठलंही ऑपरेशन असेल, अगदी दात काढायचा असला तरी, सर्जनला यंत्राबद्दल सांगा. रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाचा प्रकार त्यांना त्याप्रमाणे निवडावा लागतो.

विमानतळ, मॉल, मोठी मंदिरं इथल्या सुरक्षा कमानींपाशी यंत्राचं ओळख-कार्ड दाखवून हाताने तपासणी मागावी. जावंच लागलं तर मधोमध, न थबकता निघून जावं; दांडीसारखं डिटेक्टर यंत्रावर फिरवू देऊ नये. मोबाइल, टीव्ही, मिक्सर, फ्रीज यांचा त्रास नाही. इंडक्शन शेगडीवर वाकून स्वयंपाक करू नये, हातभर अंतर ठेवावं. वेल्डिंगचं काम सोडावं लागतं. स्पीकरचं लोहचुंबक छातीशी धरून नेऊ नये.

काही गोष्टी छापील पुस्तिकेत सापडत नाहीत, पण आपल्या घरांत रोजच्या असतात. डोक्यावर हंडा किंवा भारा घेऊ नका. कातडीखाली तारेचं टोपण असतं, त्यावर सतत दाब पडला तर कातडी झिजते. शाळेच्या दप्तराचा किंवा पर्सचा पट्टा यंत्राच्या बाजूच्या खांद्यावर नको, पदराची पिनही त्या जागी नको. जखम पूर्ण भरेपर्यंत तेल, मेंदी, केसांचा रंग लांब ठेवा. कबड्डी, कुस्ती बंद; चालणं आणि योगासनं डॉक्टरांना विचारून, मान जोरात वळवणारी सोडून.

लग्न, मूलबाळ?

दोन्ही शक्य आहे. डीबीएस असलेल्या स्त्रियांची बाळंतपणं सुखरूप झाल्याचं वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. प्रसूतीतज्ज्ञांना यंत्राची माहिती आणि कार्ड आधीच द्यायचं, आणि गोळ्यांचा आढावा दिवस राहण्यापूर्वी घ्यायचा.

आनुवंशिकतेचं उत्तर प्रकारावर अवलंबून आहे. डीवायटी-१ मध्ये बदललेला जनुक मुलात जाण्याची शक्यता निम्मी. पण जनुक असलेल्यांपैकी साधारण ३० टक्क्यांनाच आजार होतो. म्हणून आजोबांना होता, वडिलांना नाही आणि नातवाला झाला, असं घडतं. विल्सनसारख्या आजारात आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही सदोष जनुक यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडे अजून आहे, आणि अशा घरांत ही गाठ पडायची शक्यता वाढते. धाकट्या भावंडांची तपासणी करून घ्यावी.

खर्च?

अनेक लाखांत जातो, आणि त्यातला मोठा वाटा यंत्राचा. कोटेशन घेताना यंत्र चार्जवालं की साधं, दोन्ही बाजूंची तार धरली आहे का, प्रोग्रामिंगच्या भेटी त्यात आहेत का आणि बॅटरी बदलायचा आजचा खर्च किती, हे चार प्रश्न लेखी विचारा.

आरोग्य विमा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली, त्यात डीप ब्रेन स्टिम्युलेशन नावानिशी आहे. 'हा प्रायोगिक उपचार आहे' असं म्हणून कंपनीला तो वगळता येत नाही. मर्यादा मात्र घालता येते. उदाहरणार्थ, आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत अशा उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने. आजार लपवून पॉलिसी घेतली तर क्लेमच्या वेळी सगळंच जातं.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. पण त्या सवलतीत यंत्राची किंमत धरतात का, हे तोंडी आश्वासनावर सोडू नका. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो.

कुठे होतं?

सार्वजनिक संस्थांमध्ये बेंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा तिरुनाल, दिल्लीचं एम्स. मुंबईत जसलोकसारख्या खासगी रुग्णालयांत बऱ्याच वर्षांपासून होतं. कुठेही जा, विचारायचा प्रश्न एकच: पार्किन्सनची सोडून, डिस्टोनियाची किती केली आणि प्रोग्रामिंग कोण करतं? मेडट्रॉनिक, बोस्टन सायंटिफिक, ॲबट यांपैकी एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या प्रोग्रामरने चालत नाही. म्हणून बदलीची नोकरी असेल किंवा मुलाकडे परदेशी जाऊन राहायचं असेल, तर मॉडेल आणि सध्याच्या सेटिंगचा कागद जवळ ठेवा.

यंत्र नकोच असेल तर?

पॅलिडोटॉमी आहे: त्याच पुंजक्यात उष्णतेने छोटा व्रण करतात. यंत्र नाही, बॅटरी नाही, चकरा कमी, खर्च कमी. पण केलेलं परत फिरवता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना केलं तर बोलण्याला धोका वाढतो. फक्त लिहिताना किंवा तबला-सतार वाजवताना हात आखडत असेल, तर मेंदूतल्याच थॅलॅमस या भागात एका बाजूला असाच व्रण करण्याची पद्धत जपानच्या डॉ. ताकाओमी ताइरा यांनी पुढे नेली; भारतातही ती केली जाते. लांबच्या, हातावर पोट असलेल्या रुग्णाला या वाटेची माहिती न देताच यंत्राचं कोटेशन हातात ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

एक विचारावं की नाही असा प्रश्न. माणूस गेल्यावर यंत्राचं काय?

विचारायलाच हवा. दहन करायचं असेल तर छातीवरचं यंत्र आधी काढावं लागतं, नाहीतर बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. रुग्णालयात काही मिनिटांत ते काढून देतात. घरातल्या एकाला तरी हे माहीत असू द्या.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

जुने एमआरआय फिल्मसकट, सगळी प्रिस्क्रिप्शनं, बोटॉक्स कधी, किती, कुठल्या स्नायूत याची नोंद. घराण्यात कुणाची मान हलायची, कुणाला 'वात' म्हणायचे, याची आजीकडून काढलेली माहिती. आणि मोबाइलवर चित्रित केलेले व्हिडिओ: चालताना, लिहिताना, जेवताना, बोलताना, नुसतं बसलेलं असताना, सकाळचा एक, संध्याकाळचा एक. डॉक्टरांसमोर पीळ नेमका कमी किंवा जास्त होतो, म्हणून घरातलेच हवेत. तारीख घालून ते जपून ठेवा. ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात, 'काहीच फरक नाही' असं रुग्ण स्वतःच म्हणायला लागतो, तेव्हा तोच जेवतानाचा व्हिडिओ पुन्हा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.